मुक्या विजेची डबी

वस्तू आतून कशी आहे, हा प्रश्न आमच्या थोरल्याला कधी पडतच नाही. लहानपणापासून तसाच. बुटाचा तळ फाटलेला चालेल, वरून पॉलिश हवं. ताट वाढलं की आधी कडा पुसणार, मग भाजीकडे बघणार. वर्कशॉपचं बाहेरचं काम हाती दिलं तर आठवड्याभरात दारावर हातभर पाटी लावली, काउंटरला काच बसवली, आणि बाबांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यांची अख्खी फळी भंगारात काढायला निघाला. मी आडवी झाले म्हणून राहिली.

"आई, गिऱ्हाईक काय म्हणेल?" म्हणाला.

गिऱ्हाईक तीस वर्षं त्या डब्यांपायीच आमच्या दारात येत होतं. पण सांगायचं कुणाला? पालथ्या घड्यावर पाणी.

घराच्या खाली आमच्या दोन खोल्या आहेत. पुढे काउंटर, मागे कामाचं टेबल. माइक, मिक्सर, स्पीकर, आवाजाचं जे काही बिघडतं ते तिथे येतं. मी चौथीत शाळा सोडली. अक्षर लागतं, पण सावकाश. मोजणं मात्र मला कुणी शिकवू नये. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्या मी हाताने भरायचे, केसाएवढी तार, बाराशे वेढे, दीड हजार वेढे. मध्ये कुणी हाक मारली तर ओ देत नसे. ह्यांनी माझी गुंडाळी कधी पुन्हा मोजून पाहिली नाही. नवऱ्याने बायकोचं याहून मोठं कौतुक काय करायचं असतं?

आता मुकी वीज म्हणजे काय ते सांगते, कारण सगळा घोळ तिचाच. माइकची तार आवाज घेऊन मिक्सरकडे जाते. नव्या माइकना चालायला वीज लागते, म्हणून मिक्सर त्याच तारेतून उलट अठ्ठेचाळीस व्होल्ट माइककडे पाठवतो. बाहेर तिला फँटम पॉवर म्हणतात. ती ऐकू येत नाही, दिसत नाही, म्हणून हे तिला मुकी वीज म्हणायचे. ज्याला ती हवी त्याला ती अन्न, नको त्याला विष. जुने माइक, विजेवर वाजणारी पेटी, टेप, कुणी चुकून त्या तारेला जोडलं की गेलंच म्हणायचं. आणि स्वस्तातल्या मिक्सरला बटण एकच असतं. लावलं तर सगळ्या तारांत, बंद केलं तर कशातच नाही.

त्यावर ह्यांनी स्वतःच्या डोक्याने डबी काढली. दोन कपॅसिटर, चार झेनर, एक-दोन बारीकसारीक वस्तू, आणि सगळं पॉलिशच्या नाहीतर गोळ्यांच्या रिकाम्या डबीत. कपॅसिटर म्हणजे दरवाजा. आवाज जाऊ देतो, मुकी वीज अडवतो. पण बटण दाबताना किंवा तार खोचताना पहिला जो धक्का बसतो, तो दरवाजातूनही आत शिरतो. तो गिळायला चार झेनर, तांदळाच्या कणीएवढे काचेचे दाणे. मीटर लावून बघाल तर दाणे असोत नसोत, मीटर शून्यच दाखवतो. म्हणून हे मीटरवर विश्वास ठेवत नसत. प्रत्येक नवी डबी चालू विजेवर शंभर वेळा खोचायची, शंभर वेळा उपसायची, पलीकडे एक टाकाऊ माइक लावायचा, आणि तो शंभराव्या वेळीही बोलला पाहिजे. ही आमच्या टेबलाची रीत. मोजायला मी.

थोरल्याला या कामात कधी गोडी वाटली नाही. धाकटीला वाटली. दहा वर्षांची असल्यापासून बापाच्या कोपराशी उभी असायची. बोटांची टोकं पोळून पोळून खरखरीत झाली होती, माझ्या केसांतून हात फिरवायची तर केस अडकायचे. "कुठल्या घरची राणी म्हणायची ही," मी म्हणायचे. "तुझ्याच घरची, दुसरीकडे असा हात चालायचा नाही," ती म्हणायची.

गेल्या वर्षी वाचनाच्या बाईंनी त्यांचा माइक आणला. या बाई अंध लोकांच्या वाचनालयात बसून पुस्तकं मोठ्याने वाचतात आणि त्याचं रेकॉर्डिंग होतं. माइक त्यांच्या वडिलांचा, वजनाला अर्धी वीट. आत एक पट्टी असते, ॲल्युमिनियमची, इतकी पातळ की जवळ बसून शिंकायची सोय नाही. तिला बारीक चुण्या पाडून दोन लोहचुंबकांच्या मध्ये अलगद टांगायची असते. ती पट्टी जुनी होऊन फाटली होती. नवी बसवणारा आसपास दुसरा कुणी नव्हता.

ह्यांचा उजवा हात तेव्हाच कापायला लागला होता. चमचा तोंडाशी जाईपर्यंत निम्मा सांडायचा. पण पट्टी कुणाला करू देईनात. सकाळी उठल्यावर घटकाभर हात जरा शांत असे, तेवढ्यातच काम. मी शेजारी पंखा बंद करून बसायचे. अकरा सकाळी गेल्या. चार पट्ट्या फाटल्या, पाचवी बसली. त्या दिवशी ह्यांनी हत्यारं एकेक पुसून पेटीत ठेवली आणि पेटी माझ्या मांडीवर दिली.

"धाकटीला दे," म्हणाले.

आमच्याकडे ज्याची पेटी त्याचं टेबल. थोरला पुढच्या खोलीत होता, त्याने ऐकलं. काउंटरची काच पुसत राहिला.

वाचनालयातला मिक्सर एका बटणाचा, तेव्हा त्या माइकबरोबर डबी जाणं भागच होतं. ती धाकटीने केली. पेटी मिळाल्यानंतरची तिची पहिली डबी. शंभर वेळा खोचली आणि उपसली, मी मोजलं. साठ झाल्यावर म्हणते, "आई, हात भरून आले, दहा सोड ना." मी म्हटलं, "एकही नाही." शंभराव्याला टाकाऊ माइकात तिने विचारलं, "पास का नापास?" आणि मागच्या खोलीतला स्पीकर बोलला. हे हसले. त्या वर्षातलं ह्यांचं शेवटचं हसणं मला तेच आठवतं.

माइक आणि डबी पोचवायचं काम थोरल्याचं. पोचवून आला. दोन आठवडे ठीक गेले. मग वाचनालयातून फोन आला, आणि थोरला जाऊन माइक परत घेऊन आला.

ह्यांनी तो मला उघडायला लावला. पट्टी ताणली जाऊन लोंबत होती, नाडी सुटलेल्या परकरासारखी. कुणीतरी बटण चालू असताना तार उपसून पुन्हा खोचली होती. एकच धक्का. ह्यांच्या अकरा सकाळी तेवढ्यात संपल्या.

"डबी कुठाय?" ह्यांनी विचारलं.

थोरल्याने टेबलावर ठेवली. पॉलिशची डबी नव्हतीच ती. विकत आणलेली चांदीच्या रंगाची चकचकीत पेटी, वर आमच्या वर्कशॉपच्या नावाचा छापील कागद. धाकटीने चार स्क्रू काढले. आत दोन कपॅसिटर होते. दाणे नव्हते.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

"वरचं खोकं तेवढं मी बदललं," थोरला म्हणाला. "पॉलिशच्या डबीत घालून काय द्यायचं, लाज वाटते. आतलं आहे तसं उचलून ठेवलंय. आतलं तुझंच."

"दादा, मी चारही झेनर लावले होते."

"मग काय मी खाल्ले?"

"तू काय केलंस ते तुला माहीत. मी लावले होते. आईला विचार, तिने शंभर मोजले."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

इथे मला खोटं सांगायचं नाही. दाणे नसते तर टाकाऊ माइक दहाव्या खोचीलाच मेला असता, हे मला ठाऊक होतं. मी शंभर मोजले होते. तोंड उघडलं असतं तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात थोरला मला म्हणाला होता, "पेटी तिला, टेबल तिला, मग मी इथे कशाला? मला बाहेरगावी नोकरी मिळतेय, बायकोला घेऊन जातो." सुनेला सातवा महिना होता. हे उभ्या उभ्या घामाने भिजले होते. मी मनात हिशेब केला की मुलगी कुठे जाते, ती आपलीच आहे, चार दिवस रुसेल आणि येईल. जायची धमकी ज्याने दिली होती त्याला मी धरून ठेवलं. जिने कधी दिली नव्हती तिला गृहीत धरलं.

"मी खोची मोजते," मी म्हटलं. "आत काय घातलंय ते मी कशाला बघू?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. रडली बिडली नाही. ह्यांनी ती चकचकीत पेटी तिच्यापुढे सरकवली.

"पहिल्याच डबीत," ते म्हणाले. "हत्यारांची पेटी परत ठेव."

तिने ठेवली. हत्यारं मोजून ठेवली, मला दिसेल अशी. दुसऱ्या दिवसापासून ती टेबलावर बसली नाही, आणि महिन्याभरात इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला लागून तिकडेच खोली घेऊन राहिली. चादरी मोजायचं काम. मोजणं तेवढं तिने माझं नेलं.

वाचनाच्या बाईंना वाचनालयाने नवा माइक घेऊन दिला. त्या एकदा रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "त्यात माझा आवाज मलाच रागावल्यासारखा येतो. ऐकणारी मुलं विचारतात, बाई बदलल्या का?" मी मान खाली घालून पिशवी या हातातून त्या हातात घेतली. दुसरं काय करणार?

ह्यांनी त्यानंतर अंथरूण धरलं. अर्धं अंग गेलं, बोलणंही जड झालं. जिना चढवेना म्हणून खाट मागच्या खोलीतच टाकली, टेबलाच्या शेजारी. टेबल रिकामं. ह्यांचं तोंड दिवसभर त्याच्याकडे. मी खाट फिरवायला गेले तर मानेनेच नको म्हणाले. दर रविवारी धाकटी वरच्या मजल्यावर येऊन भावाच्या बाळाला घेऊन बसायची, जाताना खाली उतरून बाबांच्या पायांना हात लावायची, आणि निघायची. बापलेकीत शब्द नाही. हे ती गेल्यावर बराच वेळ दाराकडे बघायचे, मग पुन्हा टेबलाकडे.

थोरल्याचं मात्र बरं चाललं होतं. पाटी वाचून लोक येत, बिघडलेलं तो दुसऱ्या कुणाकडून दुरुस्त करून आणत असे. परवा एका सभागृहाचा व्यवस्थापक आला. त्याने कुठेतरी आमच्या जुन्या डब्यांबद्दल ऐकलं होतं. चाळीस हव्या म्हणाला. थोरला आनंदाने फुगला. चाळीस चकचकीत पेट्या आणल्या, कपॅसिटर आणले, दाण्यांचं पुडकं आणलं, आणि प्रथमच त्या टेबलावर बसला. मी ह्यांना पेज भरवत होते.

तासाभराने माझ्याकडे वळून म्हणतो, "आई, धाकटीला फोन करून विचार ना, हे दाणे कुठल्या बाजूने लावतात. एका टोकाला काळी रेघ आहे, ती आत का बाहेर?"

"तुझं तू विचार."

"मला ती नीट सांगेल का? मागच्या वेळी काढले तेव्हा बाजू बघून ठेवायची राहिली. नव्या खोक्यात परत लावताना कळेचना. म्हटलं चार दाण्यांनी काय होतंय, मीटर तर शून्य दाखवतोय."

इतक्या सहज म्हणाला. पाऊस थांबला वाटतं, असं म्हणावं तसं. आपण काय बोललो हे त्याच्या त्यालाच कळलं नाही. सहा महिने घरात जे खोटं बोलला, ते खोटं होतं हेसुद्धा तो विसरून गेला होता.

माझा चमचा तसाच राहिला. खाटेवरून आवाज आला. जड, ओढत ओढत.

"काढले?"

थोरला गोरामोरा झाला. "बाबा, म्हणजे, ते मावत नव्हते..."

"बोलव," हे मला म्हणाले. डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर जात होतं. पुसायला हात उचलत नव्हता. मी पुसलं.

धाकटी दुसऱ्या दिवशी कामावरून तशीच आली. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, खाटेच्या काठावर बसली. ह्यांनी डाव्या हाताने तिचा हात धरला आणि अंगठ्याने तिच्या बोटांची टोकं चाचपली. साबणाच्या पाण्याने मऊ पडली होती. चाचपत राहिले, जणू हरवलेली वस्तू शोधत होते.

"पेटी," ते म्हणाले.

मी हत्यारांची पेटी आणून तिच्या मांडीवर ठेवली. तिने झाकणावर हात ठेवला, उघडली नाही.

"नको बाबा," म्हणाली. "तुमच्यावर राग नाही. तुम्ही डबी बघितली, डबीत दाणे नव्हते. तुम्ही दुसरं काय समजणार होतात? पण आता या टेबलावर बसले ना, तर दर डबीला माझं चित्त दाराकडे राहील. पुढे गेल्यावर आत कोण काय करेल, आणि बोट कुणाकडे जाईल. अशा हाताने काम होत नाही. तुम्हीच सांगायचात."

ह्यांनी डोळे मिटले. त्यांनीच सांगितलेलं होतं, नाही कसं म्हणणार?

मग ती माझ्याकडे वळली. "आई, तू शंभर मोजले होतेस ना?"

"मोजले होते."

"एकही सोडला नव्हतास."

"नाही सोडला."

"मग?"

आयुष्यात मला कुणी निरुत्तर केलं नव्हतं. सासूने नाही, गिऱ्हाइकाने नाही, ह्यांनी तर नाहीच. पेटी उचलून तिने टेबलाच्या खाली सरकवली.

जाता जाता थोरल्याजवळ उभी राहिली. त्याच्या पुडक्यातले दोन दाणे तळहातावर घेतले, शेपट्या जुळवून दाखवल्या. "दोघांची तोंडं एकमेकांकडे, रेघा बाहेर. अशी एक जोडी या तारेला, एक त्या तारेला, दोन्ही जोड्यांची दुसरी टोकं जमिनीच्या तारेला. आणि दर डबी शंभर वेळा." दाणे त्याच्या हातावर ठेवले आणि गेली. बाबांच्या पायांना हात लावायला विसरली नाही.

थोरल्याने सुटकेचा श्वास सोडला. सगळ्या खोलीला ऐकू गेला.

"बघ," मला म्हणाला. "उगाच तू काल दिवसभर तोंड पाडून बसलीस. रागावली असती तर सांगितलं असतं का तिने? मिटलं सगळं." आणि खुर्ची ओढून टेबलाशी बसला, पहिली चकचकीत पेटी पुढे घेतली, आणि आधी तिच्यावरची बोटांची पुसटशी छाप रुमालाने पुसायला लागला.

ह्यांचे डोळे उघडे होते. तो रुमाल बघत होते.

मी उठले. त्याच्या हातातली पेटी काढून घेतली, पुडकं काढून घेतलं, आणि उभी राहून बोलले, ह्यांनाही ऐकू जाईल असं.

"ऊठ तिथून. उद्या त्या सभागृहवाल्याकडे जा आणि सांग, डब्या करणारी होती, तिला मी घालवली, आता डब्या होणार नाहीत. याच शब्दांत सांग, मी फोन करून विचारणार आहे. तिथून वाचनाच्या बाईंकडे जा, पट्टी कुणी तोडली ते त्यांना सांग. मग तुला बाहेरगावी जायचं तर जा, बायकोमुलाला घेऊन जा, मी दारात आडवी येणार नाही. एकदा आले त्याचं फळ हे खाटेवर पडलंय. तू दुष्ट असतास तर मी तुला समजू शकले असते, दुष्ट माणसाला आपण काय केलं ते निदान आठवतं. तू हलका आहेस. तुला बहिणीचा हात गेला तेही कळलं नाही, आणि ती आत्ता शेवटचं शिकवून गेली तेही कळलं नाही. तुला असा मी केला, खरं ठाऊक असून गप्प बसून, तेव्हा माझ्याकडे बघून रडू नकोस. पण या टेबलावर, हे आहेत तोवर आणि मी आहे तोवर, तू पुन्हा बसायचं नाहीस."